रिटर्न भरला, व्हेरिफाय बाकी

२२ जून

एचआरच्या पोरीनं आज फॉर्म सोळा दिला. वर्षभर पगारातून किती टॅक्स कापला त्याचा कागद. अकरा वर्षं डेअरीच्या लॅबमध्ये दुधाची फॅट काढतेय, पण टॅक्स कापण्याइतका पगार गेल्या वर्षीच झाला, सीनियर केल्यावर. म्हणजे रिटर्न भरायची पहिलीच खेप.

पोरगी म्हणाली, "मॅडम, एकतीस जुलैच्या आत भरा, नाहीतर दंड लागतो." आवाज असा की मी आधीच काहीतरी चोरलंय.

घरी सांगितलं. हे म्हणाले, "रिफंड येतो का त्यात? पिकअपला दोन टायर टाकायचेत." आमच्या घरात काहीही आलं की आधी पिकअपचे टायर. लग्नात मला आणलं तेही बहुतेक त्या टायरांकडं बघूनच.

२५ जून

कँटीनमध्ये रिटर्नवाला येऊन बसला. दरवर्षी बसतो म्हणे. पॅकिंगची सगळी लाइन त्याच्यापुढं. शंभर टक्के रिफंड काढून देतो, त्यातले दहा टक्के त्याचे. सगळ्यांना तेच दोन प्रश्न विचारतो, "घरभाडं किती टाकू? देणगी किती टाकू?" बारामतीच्या आसपास स्वतःच्या घरात राहणारा एकही माणूस त्याच्या कागदावर उरला नाही. सगळे भाडेकरू.

मीपण दिलं. पॅन, आधार, आणि पोर्टलचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून. टँकर आत घ्यायच्या आधी तीन टेस्ट करणारी मी. ड्रायव्हर कितीही ताई-ताई म्हणू दे, सॅम्पल नापास तर टँकर परत. आणि इथं अनोळखी माणसाला चिठ्ठी दिली, का तर सगळे देत होते.

२८ जून

रिटर्नवाल्यानं भरलेला कागद व्हॉट्सॅपवर पाठवला. त्यात मी सासूबाईंना दर महिन्याला घरभाडं देते. शिवाय कुठल्याशा पक्षाला देणगी दिलीय, ज्याचं मी नावही ऐकलेलं नाही. फोन केला तर म्हणतो, "ताई, ओटीपी सांगा, टाकून देतो. सगळेच टाकतात."

सासूबाईंना विचारलं, तुम्हाला भाडं पोचतं का हो माझं? त्या शेंगा फोडत होत्या. "न्हाय बा. पर देत असशील तर दे की. अकरा वर्साचं तुंबलंय."

हसलो सगळे. पण त्या पुरत्या गमतीनं म्हणाल्या नाहीत, ते मला कळलं.

ओटीपी दिला नाही. पासवर्ड बदलला. त्याला मेसेज टाकला, माझं राहू द्या. त्याचं उत्तर, 'बघा, रिफंड जाईल.' जाऊ दे मेला.

३ जुलै

हाफ डे घेऊन मुलाणी सरांकडं गेले. एसटी स्टँडमागं कापडाच्या दुकानावर त्यांची खोली आहे. साठी उलटलेली, चष्मा दोरीला. आमच्या शेजारच्या मास्तरांचं दरवर्षी तेच भरतात.

फॉर्म सोळा पुढं केला. त्यांनी बघितलाच नाही. म्हणाले, "ह्यात फक्त तुमचा पगार हाय. बँकेचं व्याज, एफडी, आणखी काय काय, ते ह्यात न्हाय. पहिल्यांदा भरणारी माणसं हितंच फसत्यात. सरकारला आपल्याबद्दल काय म्हाईत हाय ते आधी बघायचं, मग आपण तोंड उघडायचं." पोर्टलवर वर्षाची माहिती असते, ती उघडली. माझ्या पॅनवर वर्षभरात जे जे झालं ते सगळं.

पगार बरोबर. सोसायटीतल्या एफडीचं व्याज, ते मी विसरलेच होते. मग सर थांबले. चष्मा वर केला, खाली केला.

"ताई, जमीन विकली का तुमी?"

"नाही."

"इंदापूरला? नोव्हेंबरात?"

"नाही हो सर. दुसऱ्या कुणाचं तरी आलं असेल."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडं फिरवली. माझं माहेरचं नाव, माझा पॅन. जमीन-घर विक्री, नोंदणी इंदापूर. तिसरा हिस्सा. रक्कम बघितली आणि मला आधी आकडे मोजताच येईनात. खरेदी घेणाऱ्यानं त्यातून टॅक्ससुद्धा कापलेला, माझ्या नावावर.

सर म्हणाले, "हे पैसे कुठल्या खात्यात आले?"

मला माहीत नाही असं म्हटलं. सरांनी चहा मागवला.

४ जुलै

लॅबमध्ये एक सॅम्पल सांडलं.

नोव्हेंबर. तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यातलं. दादानं फोन केला होता, "हक्कसोड करून टाकू. आबा गेल्यापास्नं सातबारावर तिघांची नावं हायेत, उगं घोळ." मी म्हटलं करू. आमच्याकडं बहीण हक्क सोडतेच. दोन्ही आत्यांनी आबांना सोडला. आईनं मामाला सोडला. मला त्यात काही दुःखही नव्हतं, खरंच नव्हतं. शेत दादा करतो, त्याचंच.

इंदापूरला रजिस्टर ऑफिसात गर्दी. दादानं पानं उलटत बोट ठेवलं तिथं तिथं सह्या केल्या. आईनंपण केल्या. अंगठे, फोटो. सह्या करायला बँकेचे दोन-तीन कोरे चेकपण होते, माझ्या शाळेतल्या जुन्या खात्याचे. कशाला विचारलं तर म्हणाला, "वकिलानं सांगितलंय." वाचलं नाही. बहिणीनं भावासमोर कागद वाचायला घ्यायचा नसतो. वाचला म्हणजे विश्वास नाही, म्हणजे हिला नवऱ्यानं शिकवून पाठवलंय. सही करायची, साडी घ्यायची, भेळ खायची, घरी यायचं.

आतल्या कारकुनानं विचारलंसुद्धा, व्यवहार मान्य आहे का. मी मोठ्यांदा म्हटलं, मान्य आहे. लाजले नाही काही नाही.

साडी जांभळी होती. चांगली होती. एकदा नेसले.

७ जुलै, रविवार

माहेरी, पळसदेवला जाऊन आले. एकटी. ह्यांना म्हटलं आईला बरं नाही.

भिगवणला गाडी बदलली. हायवेचा आमचा तुकडा खिडकीतूनच दिसला. आबांनी गोडाऊन टाकायचं म्हणून तो जिवंतपणीच बिगरशेती करून घेतला होता. आता तिथं पत्र्याचं कंपाउंड, आत खड्डे, हॉटेल होणार असा बोर्ड. म्हणजे खरंच.

दादा ओट्यावरच होता. वहिनी पाणी घेऊन आली आणि माझं तोंड बघून आत गेली ती बाहेरच आली नाही. मी प्रिंट पुढं केली.

दादानं नीट वाचली. चिडला नाही. तेच मला जास्त लागलं.

"अगं, तुजंच हाय की ते. मी काय खाऊन टाकलं का? वरचा मजला बांधतोय. दिवाळीला ये, तुला खोली हाय."

म्हटलं, हक्कसोड म्हणालास. ही खरेदी आहे.

"एकच की गं. कागुद कुठला का असंना."

"मग हक्कसोडच करायचं होतं ना. माझ्या नावानं विकलंस कशाला?"

तेव्हा बोलून गेला. "सीए म्हणला, तिघांच्या नावावर पडलं म्हंजी एकट्यावर टॅक्स येत न्हाय."

विचारलं, तुझा रिटर्न भरलास? म्हणे, व्हय, गेल्याच म्हैन्यात. पुण्याच्या सीएकडून. त्याचा हिस्सा घर बांधण्यात गेला असं दाखवलंय, त्याला फारसं काही लागत नाही. अगदी नीट, वेळेत, एक चूक नाही.

"आणि माझं?"

"तू कुठं रिटर्न भरत हुतीस! मला वाटलं तुजं कोण बघतंय."

बस्स. हे त्याचं खरं उत्तर. अकरा वर्षं नोकरी करतेय, हे त्याच्या डोक्यातच नाही. मी त्याच्या हिशोबात कधी टॅक्स भरेन एवढी मोठी झालेच नाही.

आई चुलीपाशी होती. "जेवून जा," एवढंच. जेवले नाही. आई म्हणाली धरणाचं पाणी वाढायला लागलंय, बुडालेल्या देवळाचं शिखर तेवढं दिसतंय. मला कसलं शिखर दिसतंय.

९ जुलै

ह्यांना सांगितलं. सांगायला नको होतं.

हे म्हणाले, "म्हंजी तुज्या नावावर एवढी रक्कम आली व्हय?" डोळ्यांत काय चमक आली, देवा. मग लगेच, "ह्यो अन्याव हाय. तुजा हक्क हाय. वकील बघू. भांडायचं." तुजा हक्क तुजा हक्क दहा वेळा. ह्यांना माझा हक्क आज कळला. पगाराचं एटीएम कार्ड कुणाच्या पाकिटात आहे ते विचारावं वाटलं. विचारलं नाही.

सासूबाईंचा आवाज मऊ झालाय दोन दिवस. सकाळी माझ्यासाठी चहा करून ठेवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. प्यायले.

दोन्ही घरं सारखीच. एकानं माझ्या नावानं नेलं, दुसऱ्याला माझ्या नावानं हवंय.

१४ जुलै

मुलाणी सरांकडं. सगळं सांगितलं. कोरे चेकसुद्धा, पैसे त्या जुन्या खात्यात येऊन ज्यांच्यावरून दादाकडं गेले ते. सांगताना मलाच माझी लाज वाटत होती, त्यांनी ती वाटू दिली नाही. म्हणाले, "ताई, माज्या बहिणीनं बी अशीच सही केलेली. मलाच. मी बी वाचू दिलं न्हवतं." एवढंच म्हणाले आणि कॅल्क्युलेटर ओढला. भला माणूस.

तर असं आहे. साधी शेतजमीन असती, गावाकडची, तर टॅक्सच नव्हता. पण आबांनी बिगरशेती केली, म्हणून आहे. आबा, कशाला केलीत?

लपवलं तर? सर म्हणाले, "त्यांनीच तुमाला दाखवलंय, आता तुमी त्यांच्यापासनं कसं लपवणार? आज न्हाय तर दोन वर्सानं नोटीस. तवा व्याज आणि दंड."

साधा पगारदारांचा फॉर्म चालणार नाही, जमीन विकली की दुसरा, मोठा. पहिल्यांदा भरणारे नेमका चुकीचाच भरतात म्हणे. मी तर कँटीनमध्ये तोच भरून घेत होते.

आकडा काढला. जवळजवळ माझा वर्षभराचा पगार. मला न मिळालेल्या पैशाचा. एक रुपया बघितला नाही, आणि टॅक्स मात्र माझा, कारण सही माझी. मी म्हटलं सर, पैसे मिळालेच नाहीत असं लिहू की. ते म्हणाले, "खरेदीखतात मिळाले असं तुमीच लिहून दिलंय. न्हाय मिळाले म्हणायचं तर मग भावावर केस. पोलीस, कोर्ट. ते तुमचं तुमी ठरवा. मी फक्त रिटर्न भरतो."

मला केस नको. जमीनही नको. खरंच नको. त्यानं टॅक्स भरावा आणि एकदा तोंडानं म्हणावं, फसवलं तुला. एवढ्याशासाठी आता माहेर पणाला लागलंय.

२० जुलै

दादाला फोन. टॅक्स तू भर, म्हटलं. "एवढे कुठनं आणू? स्लॅबला गेले." मग, "तू दाखवूच नगंस. माजं ऐक." मग आईच्या हातात फोन दिला.

आई म्हणाली, "घरात इस्तू लावू नगंस बाई."

म्हटलं, आई, मला फसवून सही घेतली.

म्हणाली, "मला म्हाईत हुतं."

मी चुकीचं ऐकलं असं वाटलं. पुन्हा विचारलं. म्हणाली, खरेदी आहे हे तिला आदल्या दिवशीच माहीत होतं. दादा म्हणला तिला सांगू नगंस, तिचा नवरा मधी पडंल.

"सांगितलं असतं तर तू सही केली असतीस का?"

"केली असती आई."

खरंच केली असती. तिनं नुसतं म्हटलं असतं, दादाला रस्त्याचा तुकडा विकायचाय, कर सही, तर केली असती. साडीसुद्धा नको होती. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. चांगली रडले.

२८ जुलै

आठ दिवस लिहिलं नाही. काय लिहू.

ओवीनं विचारलं, मम्मी मामाकडं कधी जायचं. तिच्यावर ओरडले. तिचा काय दोष.

दादाचा मेसेज. 'राखीपर्यंत टॅक्सचे पैसे देतो. तोवर काही करू नको.' सरांना दाखवला. सर म्हणाले, "एकतीस तारीख कुणासाठी थांबत न्हाय. शेवटच्या दिवशी साइट बसती, आधी टाकू." पण मीच एकतीसपर्यंत ताणलं. मनात येडी आशा, आज देईल, उद्या देईल.

३१ जुलै

साइट बसलीच. सकाळपासून गोल फिरतंय. सर नमाज पढून आले, तरी फिरतंय. साडेचारला चाललं.

सगळं खरं लिहिलं. पगार, व्याज, जमीन. माझ्या पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, त्यावरून अडलं, ते सुटलं. परतावा कुठल्या खात्यात, असं विचारतं. परतावा कसला! तरी खातं द्यावं लागतं. ह्यांच्याकडं कार्ड असलेलं नाही दिलं. सोसायटीतलं दिलं, जे फक्त माझं आहे. सरांनी आकडे दोनदा वाचून दाखवले, मी दोनदा ऐकले. ह्या वेळी वाचलं.

सबमिट केलं. पण हे अर्धंच आहे. तीस दिवसांत ओटीपी टाकून व्हेरिफाय करायचं, नाहीतर भरलाच नाही असं धरतात. सर म्हणतात अर्धे लोक इथंच विसरतात, भरला म्हणून पेढे खातात आणि दंडाची नोटीस येते. मी विसरणार नाही. मी मुद्दाम ठेवलंय. दादा पैसे देतो म्हणालाय, टॅक्स भरते आणि मग व्हेरिफाय करते. न भरता केलं तर वसुली माझ्या मागं लागणार.

शेवटची तारीख तीस ऑगस्ट.

९ ऑगस्ट

पंचमी. माहेराहून कुणी न्यायला आलं नाही. लग्न झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं, ओवी पोटात असताना सातव्या महिन्यातसुद्धा दादा गाडी घेऊन आला होता, उशी ठेवून.

गल्लीतल्या बायका विचारतात. म्हटलं रजा नाही. सासूबाईंनी झोका बांधला ओवीला. "येतील की राखीला," म्हणाल्या. आज त्यांच्या आवाजात हिशोब नव्हता, का मलाच तसं वाटलं.

मेंदी लावली नाही. लॅबमध्ये मेंदी चालत नाही, बरं झालं, कारण मिळालं.

१९ ऑगस्ट

राखी. दादा आला.

नवी साडी, ओवीला ड्रेस, पेढे. ह्यांच्याशी पावसापाण्याचं बोलला. मी राखी बांधली. ओवाळताना त्याच्या कानामागं पांढरे केस दिसले आणि वाटलं, सोडून देऊ. सगळं सोडून देऊ. करते आपला पगार घालून, काढते कर्ज. भाऊ एकच आहे.

ताटात त्यानं पाकीट टाकलं. जाड होतं. मला वाटलं चेक. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

आत स्टॅम्प पेपर. बक्षीसपत्र. मी माझ्या हिश्शाची सगळी रक्कम खुशीनं, प्रेमापोटी, भावाला बक्षीस दिली. मागची तारीख टाकून. खाली पेन्सिलीनं फुली, सही हितं.

ओवाळणीच्या ताटात. कुंकवाचा डाग पडला कागदाला.

"टॅक्सचे पैसे?"

"आधी हे तर कर. मग तेचं बघू. सीए म्हणतोय हे लागतंय."

हे आतून ओरडले, सही करायची न्हाय. दादा म्हणाला, "दाजी, आमच्या भैन-भावाच्या मधी नगा येऊ." तिथं दोघं तोंडाला तोंड लागले. माझ्या सहीवरून दोघं भांडतायत आणि मला कुणी विचारत नाही. मी कागद घेतला आणि वाचायला बसले. मोठ्यांदा. पहिल्या ओळीपासून. 'लिहून देणार हिचे भावावर अत्यंत प्रेम असल्याने...' दादा उठला. म्हणाला, "माज्यासमोर वाचतीस?"

"हो."

साडी राहिली. तो गेला. जेवला नाही.

२४ ऑगस्ट

मुलाणी सर म्हणाले, सही केली तर टॅक्स तुमचाच राहतो, आणि पैसे कायमचे त्यांचे. चांगला वकील गाठलाय तुमच्या भावानं.

सोसायटीतून पगारावर कर्ज मिळेल टॅक्सपुरतं. मॅनेजर म्हणाला, कारण काय लिहू? म्हटलं घरगुती. पाच वर्षं हप्ता जाणार. न घेतलेल्या पैशाचा. दादाला मेसेज केला, तीस तारखेला व्हेरिफाय करणार, तू भर नाहीतर मी भरते. निळी टिक झाली. उत्तर नाही.

वहिनीचा फोन आला संध्याकाळी. "ताई, दिवाळीला आता कुणाकडं येणार?" गोड आवाजात. कुकर लावलाय म्हटलं आणि फोन ठेवला.

पोर्टलवर माझ्या नावासमोर तेच. रिटर्न भरला, व्हेरिफाय बाकी.

२९ ऑगस्ट

लॅबमध्ये अकराला फोन आला, सासूबाईंचा. "तुजी आय आलीय. यकटीच."

आई कधी एकटी बारामतीला आली नाही. पळसदेवहून भिगवण, भिगवणहून बारामती, तिथून वडापच्या जीपनं आमचं कन्हेरी. विचारत विचारत. हाफ डे टाकून धावत घरी. ओसरीवर बसलेली, पदरानं वारा घेत. सासूबाईंनी तिला भाकरी वाढलेली, आणि दोघी विहिणी समोरासमोर बसलेल्या.

म्हटलं दादानं पाठवलं? इस्तू विझवायला आलीस? माझा आवाज चढलेलाच होता, महिनाभराचा.

आई म्हणाली, "त्येला म्हाईत न्हाय. गावातली एक बाई गाडीत हुती, तिला म्हणलं लेकीकडं चाललीय."

मग कंबरेची पिशवी सोडली. त्यात घडी घातलेला कागद. तोच मजकूर, तेच प्रेमापोटी, फक्त नाव आईचं. हिस्सा तर आहेच, वर राहतं घरपण.

"राखीच्या दुसऱ्या दिशी आणला. तुज्याकडनं आल्यावर. म्हणला, कर सही. म्हणलं काय लिवलंय? म्हणला, तुला वाचून काय करायचंय." भाकरी बाजूला सारली. "मी चौथी शिकलीय. तुज्या आबास्नी पत्रं मीच वाचून दावायची."

बोलायला गेले असते तर जुलैचं सगळं बाहेर आलं असतं. मला म्हाईत हुतं, म्हणालीस ना फोनवर. ते अजून रुतलंय, आणि ती भाकरी अर्धी टाकून माझ्याकडं बघत होती.

"न्हाय केली मी सही," म्हणाली. पिशवीतून पॅन कार्ड काढलं, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं. "तुजं बघितलंस तसं माजं बी बघ. माज्या नावावर काय काय केलंय, मला कळू दे."

सरांना फोन करून विचारलं. म्हणाले उघडा, माहिती तर दिसेल. लॅपटॉप ओवीचा, ओसरीवर ठेवला. आईचा पॅन टाकला. आईच्या नावानं खातं आधीच उघडलेलं आहे, त्या सीएनं. पासवर्ड बदलायचा तर आधारवर ओटीपी. आणि आईच्या आधारला मोबाईल दादाचा. आईकडं मोबाईल कुठाय.

मी म्हटलं, आई, हे नाही होणार. ओटीपीचा आकडा त्याच्याकडं जाणार. त्याला कळेल.

सासूबाई म्हणाल्या, "उद्या बघा काय ते, आज म्हातारी दमलीय."

"उद्या हिची तारीख हाय," आई म्हणाली. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. म्हणजे दादा घरात बोलला असणार. म्हणजे वाट बघतोय, मी करते का नाही. "तू करणार हाईस न्हवं उद्या?"

कर्जाचा अर्ज पर्समध्ये आहे, सही केलेला.

आई लॅपटॉपजवळ सरकली. डोळे बारीक करून एकेक अक्षर बघत होती, ओठ हलवत. मग म्हणाली, "लाव फोन त्येला. मी मागती आकडा."

"आई, तो काय काय बोलेल."

"बोलू दे. माज्या नावाचा हाय न्हवं त्यो आकडा?"

लावला. स्पीकरवर ठेवला. रिंग गेली, बंद झाली. पुन्हा लावला. हे दारात येऊन उभे राहिले, सासूबाई शेंगांचं सूप घेऊन तिथंच बसून राहिल्या. चार वेळा वाजून बंद. आईनं पदर खांद्यावर नीट केला, जशी दादा समोरच येऊन बसणार आहे.

हे लिहितेय तोवर पाचव्यांदा वाजतोय. आई म्हणते, उचलला न्हाय तर परत लाव.